एका शिडाचा कारभार

नौकानयन म्हटले की खवळलेला दर्या, ताणलेले दोर आणि त्यांहून ताणलेले चेहरे डोळ्यांपुढे आणणाऱ्या सद्गृहस्थांनी पौषातल्या एखाद्या दुपारी, वायव्येचा वारा पाठीशी घेऊन, केवळ नाळेवरच्या त्रिकोणी शिडाच्या, म्हणजे मुंबई बंदरातील हौशी मंडळी जिला जीब म्हणतात तिच्या भरवशावर, अपोलो बंदराहून मांडव्याकडे प्रस्थान ठेवावे, अशी माझी नम्र शिफारस आहे.

माझे एक स्नेही निवृत्त मुन्सफ आहेत. त्यांच्या होडीचे मोठे शीड बहुधा बासनात बांधलेलेच असते आणि त्याचे कारण विचारल्यास ते आपल्या श्वानाकडे अंगुलिनिर्देश करतात. याचे नाव शिरस्तेदार; त्याच्या संमतीवाचून घरातील कोणतेही प्रकरण पुढे सरकत नाही, म्हणून पडलेले. वारा मागून असताना मोठ्या शिडाखालची आडवी काठी केव्हा या अंगावरून त्या अंगावर झेपावेल याचा नेम नसतो, आणि शिरस्तेदाराला नेमके त्याच वेळी उभे राहून जाणाऱ्या लाँचची चौकशी करावयाची असते. जिबेला तसली काठीच नाही. ती होडीला पुढून ओढीत नेते, फारशी कलू देत नाही आणि वारा माजलाच तर एक दोर खेचताच मुकाट्याने गुंडाळली जाते. हे सारे निर्विवाद खरे असले, तरी मुन्सफसाहेबांचा मूळ पिंडच आळसाचा असून श्वानाच्या जीविताचा मुद्दा केवळ दप्तरी दाखल करण्यापुरता आहे, असा माझा निवाडा आहे.

होडी सुटली की शिरस्तेदार प्रथम दोरांची वास घेऊन तपासणी करतो, मग मागे येऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकतो. वारा मंदावून जीब फडफडलीच, तर डावा कान तेवढा उचलून मुन्सफसाहेबांकडे अशा नजरेने पाहतो की, त्यांनी तत्काळ दोर चार बोटे आवळावा. थालीपिठाच्या डब्याचे झाकण मात्र कितीही हळू उघडले तरी तो जातीने हजर होऊन सरकारी हिस्सा वसूल करतो.

जनावर होडीवर नेण्यात धोका नाही का, असे मी एकदा विचारले. १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या कॅप्टन जोशुआ स्लोकम यांना सेंट हेलेना बेटावर मिळालेल्या शेळीने त्यांचा वेस्ट इंडीजचा नकाशाच फस्त केला होता, ही नजीर साहेबांना ठाऊक होती. शिरस्तेदाराने आजवर एकही नकाशा खाल्लेला नाही, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. होडीत नकाशा नसतोच, हे त्यांनी सांगितले नाही.

सुमारे ७ सागरी मैलांचा हा सुखाचा रस्ता परतताना मात्र उलटतो. वायव्येचा वारा थेट तोंडावर येतो, एकट्या जिबेवर होडीचे नाक वाऱ्याखाली घसरत राहते आणि मुन्सफसाहेब भरतीची वाट पाहत प्रकरण तहकूब ठेवतात. भरतीनेही भागले नाही, की मोठे शीड उभारण्याचा हुकूम सुटतो, शिरस्तेदाराची रवानगी खालच्या कोठडीत होते आणि दोर ओढण्याची कामगिरी माझ्या गळ्यात पडते. तेव्हा वाचकहो, असे निमंत्रण आल्यास अवश्य स्वीकारावे; परतीचे तिकीट तेवढे लाँचचे काढावे.