पत्ता : मार्फत 56 एपीओ

जावई मिलिटरीत असला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सासऱ्याची कॉलर ताठ असते. त्याच जावयानं लेकीवर हात उचलला तर? मग आवाज खाली. ‘तक्रार करू नको, पोराची नोकरी जाईल.’

नोकरीची ही काळजी हात उचलणाऱ्यानं करायला नको?

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू. वर्दीला त्यात सूट नाही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न, असं कायदाच सांगतो.

आता अर्जात नवऱ्याचा पत्ता लिहा. आर्मी नंबर, युनिट, मार्फत 56 एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. युनिट सध्या कुठे आहे? बायकोला ठाऊक नाही, या कायद्याखाली तिच्या मदतीला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यालाही नाही. नोटीस फिरत राहते. तेवढ्यात 60 दिवस सरतात.

पोटगीची गत आणखी वाईट. या कायद्यानं कोर्ट थेट मालकालाच पगारातून पैसे द्यायला सांगू शकतं. पण इथे मालक म्हणजे फौज, आणि आर्मी ॲक्टचं कलम 28 म्हणतं की जवानाच्या पगारावर दिवाणी कोर्टाची जप्ती चालत नाही.

मग बाईनं काय खावं?

वाट आहे, पण ती फौजेतून जाते. पत्नीनं कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करायचा. जवानाला कारणे दाखवा नोटीस निघते, आणि अर्ज मंजूर झाला की पगारातून कपात होते. पत्नीसाठी 22 टक्क्यांपर्यंत, मुलं धरून कमाल 33 टक्के. या अर्जाला वकीलसुद्धा लागत नाही.

हे उमरखेडच्या किंवा वणीच्या सुनेला सांगणार कोण?

हिंसाचार सोसलेल्या बायकांसाठीच्या सखी सेंटरला कायदा कळतो, युनिटची वाट कळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला युनिटची वाट कळते, पण मारहाण झालेली बाई तिकडे जातच नाही. तिथे जायचं ते पेन्शनसाठी, ओळखपत्रासाठी, असाच सगळ्यांचा समज. सेवेतल्या जवानांच्या कुटुंबाची अडचण सोडवणं हेही त्याच कार्यालयाचं काम आहे, हे गावात कुणी सांगितलेलंच नाही.

आणि गंमत नाही, संताप यावा अशी गोष्ट पुढेच आहे. या कार्यालयाशी जोडलेल्या जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. सखी सेंटरच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच.

जिल्हाधिकारी साहेब, 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन. ध्वजदिन निधीच्या बैठकीला या वेळी संरक्षण अधिकाऱ्यांनाही बोलवा, आणि कमांडिंग ऑफिसरला करायच्या अर्जाचा मराठी नमुना सखी सेंटरच्या टेबलावर ठेवायला सांगा.