बॉर्डरवरचे भाऊसाहेब

अमरावतीच्या मालटेकडीवर सकाळी सकाळी पायात कोरे बूट, खांद्यावर टॉवेल आणि तोंडी 'एचबीएवनसी' असे जे गृहस्थ भेटतात, ते आमचे भाऊसाहेब. ते एकटे नाहीत. असे भाऊसाहेब राजापेठेत आहेत, बडनेऱ्यात आहेत आणि अकोल्याच्या जठारपेठेत तर गल्लोगल्ली आहेत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी जिल्हा परिषदेत नाहीतर बँकेत, मुलीचं लग्न व्हायचंय आणि शुगर नुकतीच निघालीय.

उपाशीपोटी 126 च्या वर गेली की मधुमेह, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाऊसाहेबांची होती 168. ते म्हणाले, "म्हंजे बॉर्डरवरच हाये न?" त्यांच्या हिशोबी ही बॉर्डर 126 ला सुरू होते आणि 300 पर्यंत चालते.

लॅबचंच काहीतरी चुकलं, हे तर ठरलेलंच. मग बहिणीकडे जाण्याच्या निमित्ताने अकोल्याला दुसरी तपासणी. आधीचे चार दिवस भात बंद, बिनसाखरेचा चहा, रात्री नुसतं ताक. उपाशीपोटीचा आकडा थोडा उतरलाही. पण तिथल्या पोराने एचबीएवनसीसुद्धा करून टाकली. रक्तातल्या तांबड्या पेशी जगतात सुमारे 120 दिवस आणि साखर त्यांना चिकटून बसते, त्यामुळे चार दिवसांचं ताक तिथे कामी येत नाही. तिथे 6.5 ला मधुमेह धरतात, यांची निघाली 8.1. मागच्या तीन महिन्यांत दोन साक्षगंध, एक तेरवी आणि धोंड्याच्या महिन्यात सासरी अनारशांचा पाहुणचार झाला होता. सगळ्यांची साक्ष त्या एका कागदावर होती.

"पण डॉक्टरसाहेब, मी त असा काडीपैलवान. मले कशी होईन?" या प्रश्नावर डॉक्टरांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा दाखला दिला. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक असला तरी आतून लोणी बाळगून असतो. भाऊसाहेबांनी पोट आत ओढून हे सगळं ऐकलं आणि बाहेर येऊन निकाल दिला, "म्हंजे याच्यात माहा काही दोष नाही!"

मग सुरू झाली वकिली. साखर बंद करायला सांगितली, गुळाचं नाव कुठं घेतलं? ज्वारीची भाकर चालते, म्हणून चार. संत्र्याचा रस नको, फोडी खा म्हणाले. आता वरूडच्या मित्राने पेटीच पाठवली तर फोडी मोजत बसायच्या का? प्रसादात तर शुगर नसतेच.

दिवसातून दोनदाच जेवायचं आणि दर जेवण 55 मिनिटांत आटपायचं, हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा सल्ला मात्र त्यांना मनापासून पटला. एक तर मुळात विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, म्हणजे माल आपल्याच विदर्भाचा. दुसरं म्हणजे, 55 मिनिटांत काय काय होऊ शकतं हे वऱ्हाडी माणसाला सांगावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीत मनगटावरचं घड्याळ पाहत ते वाढप्याला हाक मारतात, "बुंदी आण लवकर, सातच मिन्टं उरले!" मधुमेह्यांनी गोड टाळावं, हे दीक्षितही सांगतात, नेमका तेवढा व्हिडिओ भाऊसाहेबांनी पुढे सरकवलेला असतो.

पुढे घरात मशीन आलं. मुलीला पाहायला पाहुणे आले, तर पोह्यांच्या आधी भाऊसाहेबांनी मुलाच्या वडिलांच्या बोटाला सुई टोचली. पट्टीवर थेंब पडला, बैठकीत सगळे श्वास धरून. आकडा आला 214. मुलाची आई नवऱ्याकडे पाहायला लागली. नवरा म्हणाला, "बसस्टँडवर चहा घेतला न मी." भाऊसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "काही नाही हो, बॉर्डरवर हाये." सोयरीक तिथेच पक्की झाली. आयसीएमआरच्या 2023 च्या अभ्यासात देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी उंबरठ्यावर निघाले. अंबा एक्सप्रेसलाही एवढं वेटिंग नसतं. सोयरे काय, कुठेही भेटायचेच.

गोळीला मात्र ते वर्षभर भ्याले. "एकदा लागली की सुटत नाही," हे त्यांचं कारण. चाळीस वर्षं न सुटलेल्या चहाबद्दल त्यांची अशी तक्रार कधी नव्हती. फडताळात बिजाच्या लाकडाचा पेला, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी अशी रांग लागली आणि मेटफॉर्मिनचं पाकीट सगळ्यांच्या मागे. कारल्याच्या रसाने शुगर उतरली नाही, तोंड तेवढं उतरलं. तरी मालटेकडीवर आल्यागेल्याला पथ्य सांगणं सुरूच. तोंडी जितके आकडे जास्त तितकं पथ्य कमी, हे वहिनींनी कधीच ओळखलं होतं.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला भाऊसाहेबांनी अर्धीच पुरणपोळी घेतली. भाज्या दोनदा मागितल्या, भाताला हात लावला नाही, घड्याळ पाहिलं नाही. शेजारच्याने आग्रह केला तर नुसतं "बस" म्हणाले. ना गुळाचा बचाव केला, ना याज्ञिकांचं नाव काढलं. जेवण झालं, गोळी घेतली आणि चपला घालून चालायला निघाले.

वहिनी हातातलं ताट तसंच ठेवून दारात आल्या, "काहून हो, आज काहीच बोलून नाही राह्यले? शुगर लय वाढली का?"