भांडायला बरी जागा

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी. 34 किलोमीटर जाऊन गाडी ठाण्याला पोचली, तंबूत खाणंपिणं झालं आणि सगळे परत आले. त्या 400 जणांपैकी एकानेही ‘इथे वन बीएचके काय भावाने आहे?’ असं विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांच्या आजच्या वारसांना माझ्यासारखं बदलापूरच्या फलाटावर उभं राहावं लागलं नसतं.

आमची परळची चाळ पाडायचं ठरलं. दोन खोल्यांचे पैसे आम्हा तीन भावांत वाटले गेले. माझ्या वाट्याला जे आलं त्यात परळमध्ये मोटार उभी करायची जागा मिळत होती, पण आमच्याकडे मोटार नव्हती. मग कर्जाचं गणित जमवून आम्ही चौघं दर रविवारी घरं बघत फिरू लागलो. आई, बायको, दहावीतली मुलगी आणि मी. शिवाय सल्ला द्यायला अख्खं ऑफिस होतंच. एक म्हणाला, शाळा बघ. दुसरा म्हणाला, हॉस्पिटल बघ. तिसरा म्हणाला, स्मशानभूमी किती लांब आहे ते बघ. हा तिसरा आमच्या हिशेबखात्यात आहे, तो कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी बघतो.

सुरुवात घोडबंदर रोडपासून झाली. ते घर आम्हाला परवडणार नव्हतं, पण तिथला सेल्समन इतक्या प्रेमाने रोज फोन करायचा की न जाणं हा माणुसकीचा प्रश्न झाला. सॅम्पल फ्लॅट बघून मुलगी हरखली. मी जरा आडवा होऊन बघितलं, तर पाय घोट्यापासून पलंगाच्या बाहेर. कपाटाला खोली नव्हती आणि खोल्यांना दारं नव्हती. ‘दारं कुठायत?’ असं आईने विचारलं. ‘स्पेस फील होण्यासाठी काढलीयत,’ सेल्समन म्हणाला. ‘मग भिंतीही काढा,’ आई म्हणाली. खिडकीतून येऊरचं जंगल दिसत होतं आणि त्याचे वेगळे पैसे होते. खालचा रस्ताही दिसत होता. त्यावर जेएनपीटीकडून गुजरातकडे निघालेले कंटेनर इतके निवांत उभे होते की त्यांनीही तिथेच फ्लॅट बुक केले असावेत. तो मात्र फुकट दाखवला.

त्या संकुलात आमचं फाटकातच अडलं होतं. वॉचमनने मोबाईल पुढे केला. कोणाकडे जायचंय ते टाका, त्यांनी ‘अप्रूव्ह’ केलं की आत. आईने त्याला विचारलं की इथे शेजारणीकडे विरजण मागायला जायचं तर काय करायचं. तो म्हणाला, त्यांना इंटरकॉम करायचा. आणि शेजारणीशी वाजलं तर? ‘कंप्लेंट टाकायची. तिकीट नंबर येतो.’ आईने माझ्याकडे असं पाहिलं की तिथला विषय तिथेच संपला.

आईचं म्हणणं मला पटतं. चाळीत तिचं आणि पलीकडच्या काकूंचं नळावरून जे सुरू झालं ते माझ्या मुंजीच्याही आधीचं. बादली कोणाची आधी, या एका मुद्द्यावर दोघींनी आयुष्य काढलं. पण काकू पाय मोडून हॉस्पिटलात पडल्या तेव्हा रोज पेज घेऊन जाणारी आईच होती. तिथल्या आयाबाईशी काकूंच्या वतीने भांडलीही तीच, कारण ‘तिला बोलायचा हक्क फक्त माझा.’ म्हणून वस्ती आपल्या माणसांना मानवेल का हे ठरवताना मी स्विमिंग पूल बघत नाही. इथे आपलं कोणाशी, कशावरून आणि किती वर्षं भांडण चालेल, एवढं बघतो. ब्रोशरमध्ये हे कुठेच दिलेलं नसतं. महारेराचा नंबर असतो, हल्ली क्यूआर कोडही असतो, पण तो स्कॅन केला तर चटईक्षेत्र कळतं, वरच्या मजल्यावर पहाटे पाटा-वरवंटा चालतो का ते कळत नाही.

बदलापूर आईला आवडलं होतं. हवा चांगली, उन्हाळ्यात जांभळं, पाठीमागे डोंगर, आणि आमच्या पैशात दोन बेडरूम. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं,’ एजंट म्हणाला. ही पाच मिनिटं कोणत्या वाहनाने, ते तो सांगत नव्हता. शेअर रिक्षात मागे तीन बसवून मला पुढे ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर घेतलं गेलं. डावा पाय आत, उजवा नशिबावर, अशा अवस्थेत बरीच मिनिटं गेल्यावर एजंट वळून म्हणाला, ‘ट्रॅफिक नसेल तर पाच.’ रस्त्यावर आम्ही आणि दोन म्हशी.

इमारत सुरेख होती. पण बायको घर बघायच्या आधी खालच्या वाणसामानाच्या दुकानात शिरली. ती सांगलीची आहे, कृष्णेचं पाणी दारात आलेलं तिने पाहिलंय. तिने साबण घेतला आणि दुकानातली सगळ्यात खालची फळी बघून आली. वर तांदूळ, डाळी, साखर. खालच्या फळीवर प्लास्टिकच्या बादल्या, खराटे आणि नायलॉनची दोरी. म्हणजे भिजलं तरी चालेल एवढंच. ‘कंबरेपर्यंत येतं,’ ती बाहेर येऊन मला म्हणाली. एजंट शपथेवर सांगत होता की इकडे पाणी येत नाही. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, याची मी आठवण दिली. ‘साहेब, ती गाडी वांगणीच्या बाजूला होती,’ तो म्हणाला. उल्हास नदीला ही हद्द कोणी कळवली होती, ते त्याला सांगता आलं नाही. बदलापुरात उंचावरची घरंही भरपूर आहेत, पण ती त्या एजंटाकडे नव्हती.

शिवाय बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. जाऊन-येऊन रोज तीन तासांच्या वर गाडीत. तिथली मंडळी या वेळेत भाजी निवडतात, हळदीकुंकू करतात, भजनं म्हणतात, पोरांची लग्नं जुळवतात. सकाळी बसायला मिळावं म्हणून अंबरनाथची माणसं आधी उलटी बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून राहतात. त्यामुळे बदलापूरकर आपल्याच स्टेशनात चौथ्या सीटचा उमेदवार ठरतो. यावरून जी भांडणं होतात ती दर्जेदार असतात, पण ती गाडीतली. घरी पोचेपर्यंत भांडायला त्राण उरत नाही, आणि कुटुंबासाठीही थोडं शिल्लक ठेवायला हवं.

राहिली डोंबिवली. 48 किलोमीटर. डोंबिवलीबद्दल मला आधीपासून धास्ती होती, कारण तिथे सगळेच सुसंस्कृत आहेत असं ऐकून होतो. गुढीपाडव्याची शोभायात्रा 1999 साली तिथून सुरू झाली आणि मग गावोगावी गेली. 2017 चं साहित्य संमेलन तिथे झालं. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मंडळी नटूनथटून नुसती उभी राहायला येतात. हे ऐकल्यावर मुलीचं मत एकदम अनुकूल झालं. तिने वाचनालयांबद्दल काही विचारलं नाही. उलट बाजूला, एमआयडीसीच्या रसायनांनी 2020 मध्ये तिथला एक रस्ता गुलाबी झाला होता. पण रंगाचं सोडलं तर आमच्या परळच्या रस्त्यांनाही नावं ठेवायला वाव आहे.

आई तडक गिरणीत गेली. ‘चकलीची भाजणी दळता का?’ गिरणीवाला म्हणाला, ‘गुरुवारी.’ ‘गव्हावर?’ त्याने हातातला डबा खाली ठेवला. ‘आजी, गव्हावर भाजणी दळायला मी काय नवीन आहे का? भाजणीवरच भाजणी. गुरुवारी अकराच्या आत आणायची, नंतर बेसन लागतं.’ तो बऱ्यापैकी तिरसटपणे बोलला. आई बाहेर आली ती प्रसन्न. ‘माणूस खडूस आहे,’ ती म्हणाली, ‘चांगला आहे.’

इमारत पस्तीसएक वर्षांची, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. जिन्याखाली काळा फळा आणि शेजारी काच लावलेली सूचनापेटी. एजंट वर चला म्हणत होता, मी पेटीपाशीच थांबलो. थकबाकीदारांची यादी, फ्लॅट नंबरांसह, 21 टक्के व्याजाच्या धमकीने सजवलेली. ‘पाणी सकाळी 6 ते 7. पंप चालू-बंद करणाऱ्यास सूचना देऊ नयेत.’ याखाली पेनाने: ‘वेळेवर चालू केल्यास देणार नाही.’ त्याखाली हिरव्या शाईत: ‘स्वतः करून बघावे.’ तिसरी सूचना कबुतरांविषयी होती आणि तिच्यावर समर्थक-विरोधकांच्या सह्या होत्या. संख्या साधारण बरोबरीची. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बनियनवर शर्ट चढवत सेक्रेटरीकाका खाली आले. निवृत्त माणूस, खिशाला हिरवं पेन. त्यांनी पेटी उघडून नवा कागद लावला: ‘दर्शनी भागातील गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत.’

‘दर्शनी म्हणजे कुठली बाजू?’ बायकोने विचारलं.

‘रस्त्याची.’

‘मग ऊन कुठल्या बाजूला येतं?’

‘रस्त्याच्याच.’

‘मग पावसाळ्यात चार माणसांचे कपडे मागच्या अंधारात वाळवायचे?’

‘वहिनी, हा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झालाय.’

‘किती बायका होत्या सभेला?’

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘नोटीस सगळ्यांना होती.’ वरच्या जिन्यातून कोणीतरी ओरडलं, ‘बरोबर बोलतायत त्या! सभा दुपारी चारला ठेवता, तेव्हा आमची चहाची वेळ!’ पहिल्या मजल्यावरचं एक दार उघडलं. आई काकांच्या खुर्चीवर बसली आणि तिने चप्पल काढून पाय वर घेतले. मुलगी कोणाच्या तरी वायफायला जोडली गेली होती. काका उपविधी आणायला घरात गेले, येताना चष्माही घेऊन आले. बायको पदर खोचून म्हणाली, ‘राहू दे आत्ता. पुढच्या सभेला मी येते, तेव्हा बघू.’

आम्ही अजून फ्लॅट पाहिलाही नव्हता. एजंट बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘साहेब, मालकाचं आत्ताच ठरलंय, मघाशी सांगितलेल्या भावात आता पन्नास हजार वाढतील.’ त्याचा फोन खिशातच होता.