काचेच्या पडवीचा लेखी अहवाल

हॅरो, लंडन
15 ऑक्टोबर

ती. बाबांस व ती. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. पडवीही खुशाल आहे.

बाबा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही फर्मान काढलंत, "जे काय केलंत ते लेखी कळवा." वीस वर्षं सोसायटीचं सेक्रेटरीपद केलेल्या माणसाला तोंडी काही पटत नाही, हे मी लहानपणापासून जाणते. म्हणून हा अहवाल. प्रत आईला, माहितीसाठी.

घर घेताना एजंटने मागची कॉन्झर्व्हेटरी अशा थाटात दाखवली होती, जणू राणीच्या बागेची चावीच आमच्या हातात देतोय. तीन बाजूंना काच आणि डोक्यावर पॉलिकार्बोनेटचे दुधी पत्रे. आई, तू फोनवर बघूनच नाव ठेवलंस, "काचेची पडवी". बाबा म्हणाले, "पत्र्याची शेड". दोघांचंही बरोबर निघालं. दिसते पडवीसारखी, वागते शेडसारखी. पाऊस आला की पत्रे असे ताशा वाजवतात की तुम्हाला पवईत ऐकू जातं.

जानेवारीत तिथे बसलं की स्वतःच्या श्वासाची वाफ दिसते, आणि उन्हाळ्यात भट्टी. 19 जुलै 2022 आठवतो ना? लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला 40.3 अंश नोंदले गेले, या देशाने पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली. इथे टीव्हीवर हलकल्लोळ, आणि बाबा तुम्ही शांतपणे म्हणालात, "चंद्रपूरला एवढ्यात कोणी पंखासुद्धा लावत नाही." कबूल. पण चंद्रपूरकर काचेच्या बरणीत बसून जेवत नाहीत. त्या दिवशी पडवीत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या दुपारपर्यंत खडखडीत वाळल्या. आई खूश. इतक्या वर्षांत त्या खोलीने केलेलं तेवढं एकच काम.

इंग्रजांचं हे असंच. पवईचा तलाव त्यांच्या काळात, 1891 साली, मुंबईला पिण्याचं पाणी द्यायला बांधला, आणि पाणी निघालं न पिण्याजोगं. इथे घरोघरी बसायला म्हणून काचेची खोली बांधली, आणि तिथे बसता येत नाही.

शेवटी एका कंत्राटदाराला बोलावलं. जुनं छत काढून भरीव छत घालायचे त्याने आठ हजार पौंड सांगितले. तुमच्या जावयांनी मनातल्या मनात रुपये केले आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. शिवाय जुना सांगाडा हलक्या पत्र्यांच्या हिशेबाने उभा केलेला. भरीव छताचं वजन त्याला पेलेल का ते तपासा, बिल्डिंग कंट्रोलची परवानगी काढा, हे सगळं आलंच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसाद घेताना एका काकांनी कानात सांगितलं, "छताला हात लावू नका. आतून गोधडी घाला."

तर बाबा, आम्ही घर शाकारलं. आजोबा मे महिन्यात कौलांवर चढून शाकारायचे, आम्ही सप्टेंबरात खालून शाकारलं, एवढाच फरक.

पद्धत अशी. छताच्या आडव्या-उभ्या दांड्यांना आतून 25 मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या मारल्या. त्यांवर फॉइलचा रोल ताणून स्टेपल केला. चकचकीत फॉइलच्या मध्ये मऊ वॅडिंगचे थर असतात, म्हणजे अक्षरशः चांदीची गोधडी. तिच्यावर पुन्हा पट्ट्या, आणि शेवटी एकमेकांत अडकणारे पांढरे पीव्हीसीचे पॅनल. पट्ट्या दोनदा कशाला, असं तुम्ही विचारणारच. फॉइल उष्णता परतवतं, पण त्याच्या तोंडासमोर हवेची फट असेल तरच. पत्र्याला चिकटवलं तर ती चांदी फुकट. आजोळी कौलं कितीही तापली तरी माळ्याखाली झोप लागायची ती अशीच. तिथली फट नारळ-कांदे ठेवायलाही व्हायची, इथली नुसतीच विकत घेतली.

आता चुका. जावयांनी पन्नासऐवजी पंचाहत्तर मिलिमीटरचे स्क्रू आणले, "मजबूत असलेले बरे" म्हणून. त्यातला एक दांडी चुकवून थेट पत्र्यातून आकाशात गेला. रात्री पाऊस आला. दुसऱ्या दिवशी शिडीवर चढलेल्या जावयांच्या बरोबर टाळूवर पहिला थेंब पडला. न्याय इतका चोख क्वचितच होतो. भोक सिलिकॉनने बुजवलं आहे. ही बातमी तुम्हाला आधी कळवली नव्हती, ती या अहवालात नोंदवून घ्यावी.

आणि सांधे! आपल्या बिल्डिंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललं होतं तेव्हा तुम्ही छत्री घेऊन कारागिरांच्या डोक्याशी उभे राहायचात आणि एकच वाक्य म्हणायचात, "पाणी छतातून येत नाही, सांध्यातून येतं." मला ते तेव्हा गाण्यासारखं पाठ झालं होतं, इथे त्याचा अर्थ कळला. आपल्या स्वयंपाकघरात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की वाफ पडवीत शिरते. फॉइलच्या सांध्यात फट राहिली तर ती वाफ वर जाऊन गार पत्र्याला लागणार, तिथे पाणी धरणार आणि लाकडाला बुरशी. म्हणून प्रत्येक सांधा एकमेकांवर चढवून वर फॉइलची टेप. तरी तुमचं समाधान नाही. पॅनल लावण्याआधी मला फोन घेऊन शिडीवर चढायला लावलंत आणि पवईतून पाऊण तास सांधे तपासलेत. छोटी खालून शिडी धरून विचारत होती, "आजोबांना छत दुखतंय का?" दोन फटी सापडल्या, हे मान्य करते.

हिशेब असा: फॉइल 140 पौंड, लाकडी पट्ट्या 65, पॅनल 190, टेप, सिलिकॉन आणि योग्य मापाचे स्क्रू 55, अयोग्य मापाचे स्क्रू 9. एकूण 459 पौंड. शिडी शेजारच्या आजोबांची, तिचं भाडं आठ पुरणपोळ्या. त्यांनी तूप सोडून त्या मार्मलेडबरोबर खाल्ल्या. आई, हे वाचून त्रास करून घेऊ नकोस.

फरक पडला का? पडला. पाऊस आता ताशा वाजवत नाही, लांबून ढोलकी वाजल्यासारखा येतो. संध्याकाळी हीटर बंद केल्यावर ऊब थोडा वेळ थांबते. भिंती मात्र काचेच्याच आहेत, त्यामुळे जानेवारीच्या रात्री तिथे बसून गप्पा मारू, असा दावा मी लेखी करणार नाही.

एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. स्वयंपाकघराला उजेड यायचा तो त्याच पत्र्यांतून. छत झाकत आलो तसं माझ्या ओट्यावर भरदुपारी तिन्हीसांज झाली, जिरं की ओवा ते वास घेऊन ठरवायची पाळी. म्हणून दाराजवळचा एक पट्टा उघडाच ठेवला आहे. बाबा, त्यातून उष्णता जाते, मला ठाऊक आहे. त्याच्या कडेचे सांधे टेप केले आहेत, तेही ठाऊक असू द्या.

आई, तुझा फोनवरचा एकमेव प्रश्न होता, "छत झाकलंत, मग वाळवण कुठे घालायचं?" तो पट्टा पाऊण मीटर रुंद आणि सव्वातीन मीटर लांब आहे. त्याच्याखाली जुन्या साडीची लांब घडी बरोबर मावते, मी अंथरून बघितली. जूनमध्ये येताना साबुदाणा आणू नका, इथे मिळतो. सोऱ्या तेवढा आणा.

बाबांच्या गुडघ्यांची काळजी घ्या. दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुमची
मनू

ता. क. बाबा, अहवाल मंजूर असल्यास तसं कळवावं. तोंडी चालेल.