एडिसनचे नाना

पाचोऱ्यात हल्ली घरटी एक नाना असतात आणि ते पाचोऱ्यात नसतात. कुणाचे दुबईला, कुणाचे सिडनीला. आमचे न्यू जर्सीतल्या एडिसनला. स्टेशन रोडला खड्डा पडला की त्याचा पहिला फोटो आम्हाला तिकडून येतो. आम्ही त्याच खड्ड्यातून गाडी आपटत घरी आलेलो असतो, पण तो कुठल्या निधीतून बुजायला हवा होता हे नानांनाच ठाऊक असतं.

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार रातोरात सुरतेला गेले आणि तिथून २२ तारखेच्या सकाळी गुवाहाटीला. त्या गटात आपले किशोर आप्पा पाटीलही होते. पाचोऱ्यात तेव्हा दूधवाला यायची वेळ, एडिसनला रात्रीची जेवणं चाललेली. नाना मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडून बसले होते. फोन आला, "उतरले रे भो!" आणि बंद झाला. कोण उतरलं, कुठे उतरलं, हे मला चहा झाल्यावर टीव्हीनं सांगितलं.

२०२४ ची विधानसभा म्हणजे तर नानांच्या घरचंच कार्य. आप्पा धनुष्यबाणावर, समोर त्यांच्याच चुलत भगिनी वैशाली सूर्यवंशी मशालीवर. त्या माजी आमदार आर. ओ. तात्यांच्या कन्या, आप्पा तात्यांचे पुतणे. आम्हाला इथे राहायचं, दोन्हीकडच्या लग्नांना जायचं. म्हणून आम्ही कुणी विचारलं की कापसाच्या भावावर बोलायचो. नानांना ती अडचण नव्हती. सकाळी एका बाजूला निवडून आणायचे, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या वेळात नोकरी. २३ नोव्हेंबरला आपल्याकडे सकाळी आठला मोजणी सुरू झाली तेव्हा तिकडे शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ. नाना अंगावर शाल घेऊन, तीन पडदे मांडून बसले. मोजणी केंद्राबाहेर उभा असलेला माझा भाचा फेरीचे आकडे विचारायला एडिसनला फोन करत होता! आप्पा निवडून आले, आणि नाना म्हणाले, "मी सांगितलंच होतं." खरंच सांगितलं होतं. दोघांबद्दलही सांगितलं होतं.

त्याच महिन्यात, ५ तारखेला, अमेरिकेचीही निवडणूक होती. राष्ट्राध्यक्षाची. नाना तिथले रीतसर नागरिक, मतदानाचा हक्क असलेले. मत दिलं का, म्हणून विचारलं तर चिडले. आदल्याच दिवशी इकडे अर्ज माघारीची मुदत संपली होती. कोण उभं राहिलं, कोण बसलं, बसलेल्यांची मतं कुठे वळणार, हा हिशेब करण्यात त्यांचा अख्खा मंगळवार गेला होता. "ट्रम्प काय, हॅरिस काय, पाचोऱ्याला काय फरक पडतो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इकडचं मत मात्र त्यांना नाही. भारताचा पासपोर्ट राखून परदेशात राहणाऱ्यांना २०१० च्या कायदादुरुस्तीनं मतदार यादीत नाव घालता येतं, मत तेवढं गावी येऊन द्यावं लागतं. नानांनी भारताचा पासपोर्ट केव्हाच परत केला. ही सल ते आमची टक्केवारी काढून भागवतात. मतदानाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत बोटाच्या शाईचा फोटो गेला नाही, तर आमच्या घराण्यात लोकशाही संपल्याचं ते जाहीर करतात.

संस्कृतीच्या आघाडीवरही ते एकटेच लढतात. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ पासूनची. तिचं २०२२ चं अधिवेशन नानांच्याच राज्यात, अटलांटिक सिटीला झालं. नाना गेले, आणि चार दिवस लोकांना शेवभाजी म्हणजे काय ते समजावत फिरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा गाडी कुठे लावायची, हे मी अमळनेरात उभा असताना त्यांनी मला सांगितलं. एकदा त्यांनी गॅसवर भरताचं वांगं भाजलं. इमारतीची धुराची घंटा वाजली, माणसं खाली धावली. नानांची तक्रार एवढीच की पऱ्हाटीवर भाजलं असतं तर चव आली असती.

पीजेचा विषय मात्र काढू नये. पाचोरा-जामनेरची आपली छोटी गाडी २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. आता रुंद रुळांचं काम आहे म्हणतात. आम्ही एस.टी.नं जामनेर गाठतो आणि विसरतो. नाना रोज न्यूयॉर्कच्या लोकलमध्ये उभ्यानं जाताना वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी स्टेशनं मोजतात. गाडी चालू होती तेव्हा ती फार हळू जाते म्हणून ते मोटारसायकलनं जायचे, हे मी त्यांना आठवून देत नाही.

मग २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदेचं मतदान आलं. दुसऱ्या दिवशी मोजणी, म्हणून नानांनी ३ तारखेची रजा काढली. मतदानाच्या दिवशीच न्यायालयाचा आदेश आला, मोजणी २१ ला. रजा पदरात तशीच पडून. वहिनींनी ती साधली आणि घराच्या कराच्या रखडलेल्या कामासाठी नानांना प्रथमच एडिसनच्या नगरपालिकेत नेलं. रांगेत उभं राहून करणार काय! भिंतीवर एक फोटो होता. हे कोण, म्हणून त्यांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, हे आपले महापौर, सॅम जोशी, जानेवारी २०२२ पासून आहेत.

नाना खिडकीत वाकले. आवाज खाली आणून म्हणाले, "जोशी? कोणत्या गटाचे?"