इथे एक खिडकी होती

गोझो हे माल्टा देशातलं धाकटं बेट. क्षेत्रफळ 67 चौरस किलोमीटर, म्हणजे टुकटुकवाल्याला घाई असली तर एका दिवसात आटोपेल. पण त्याला घाई कधीच नसते. टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच. फरक इतकाच, की मीटर नसतो आणि तो नसण्यावरून भांडणही होत नाही. तरी मामांनी बसण्याआधी वाकून मीटरच्या जागी काय आहे ते पाहून घेतलंच. मेरीमातेचं चित्र होतं. मामा गप्प बसले.

मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जगातली कुठलीही वास्तू ते आधी बुक्की मारून बघतात आणि मग डोळ्यांनी. मामी केवळ समुद्रात पाय बुडवायला आली होती आणि तसं तिने मुंबई विमानतळावरच जाहीर केलं होतं. मी दोघांचा पुतळे-चर्चे-तिकिटे खात्याचा मंत्री.

टुकटुकवाल्याने पहिल्यांदा नेलं ते द्वेयराला. बेटाचा पश्चिम किनारा, उघडेबोडके पिवळसर चुनखडीचे कडे आणि खाली शाई सांडल्यागत निळा समुद्र. गाडी थांबवून त्याने कड्याच्या टोकापलीकडे बोट दाखवलं आणि छाती फुगवून सांगितलं, ‘अझूर विंडो!’

आम्ही पाहिलं. आकाश होतं. समुद्र होता. एक बगळ्याच्या वर्णाचा पक्षी होता.

‘कुठेय?’ मामी म्हणाली.

‘इथेच होती,’ टुकटुकवाला म्हणाला. सुमारे 28 मीटर उंचीची दगडी कमान, समुद्रात पाय रोवून उभी. सिनेमावाल्यांनी तिच्या पुढ्यात लग्नं लावली, लढाया केल्या, दुनियेभरची पाकिटं तिचा फोटो बघायला इथे येऊन रिकामी झाली. आणि 8 मार्च 2017 च्या सकाळी, भर वादळात, ती अख्खी समुद्रात बसली. आता फोटो काढायचा तो ती जिथे होती त्या हवेचा. आमच्या आधी आलेली जर्मन मंडळी तो मन लावून काढत होती. एकाने तर बायकोला दोन पावलं डावीकडे सरकवलं. नसलेल्या खिडकीच्या बरोब्बर मधोमध यावी म्हणून.

माझ्या मते या प्रकाराला मराठी माणसाइतका तयारीचा पर्यटक जगात दुसरा नाही. रायगडावर आपण काय बघतो? गाइड सांगतो, इथे राणीवसा होता, इथे कोठार होतं, आणि आपण गुडघाभर जोत्यांसमोर उभे राहून ‘वा!’ म्हणतो. ही तालीम लहानपणापासूनची. त्यामुळे मी आणि मामी लगेच भारावलो. मामांना मात्र कारण हवं होतं.

‘कोसळणार हे कळलं नव्हतं का कुणाला?’

कळलं होतं. कोसळण्याच्या थोडंच आधी, कमानीवर चढणाऱ्याला जबर दंड होईल असा सरकारी हुकूम निघाला होता.

‘म्हणजे हुकूम माणसांना दिला,’ मामा म्हणाले, ‘लाटांना प्रत पाठवायची राहिली.’ आणि एवढं बोलून ते इतके प्रसन्न झाले, की पुढे दिवसभर हे वाक्य त्यांनी टुकटुकवाला, आइस्क्रीमवाला आणि एक पाद्री अशा तिघांना इंग्रजीत ऐकवलं.

द्वेयराच्या खाडीतच एक एकांडा खडक आहे. नाव फंगस रॉक, म्हणजे बुरशीचा खडक. त्यावर उगवणाऱ्या तांबड्या लिबलिबीत वनस्पतीने रक्त थांबतं, हगवण थांबते, अशी त्या काळी माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांची खात्री होती. त्यांनी खडकाच्या बाजू तासून गुळगुळीत केल्या, दोरखंडावरून टोपलीत बसून जायची सोय केली, पहारे ठेवले, आणि परवानगीवाचून चढणाऱ्याला गलबताची वल्ही मारायला पाठवायचं ठरवलं. एवढा बंदोबस्त ज्या बुरशीसाठी झाला, ती बुरशी नाहीच. दुसऱ्या झाडांच्या मुळांवर फुकटात जगणारं एक फुलझाड आहे. पुढे त्यात औषधी गुणही फारसा सापडला नाही. पहारा तेवढा अस्सल होता.

एव्हाना मला या बेटाचा स्वभाव कळू लागला होता. राजधानीचं नाव व्हिक्टोरिया. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 1887 मध्ये दिलेलं. गावकरी अजून तिला रबातच म्हणतात. गावाच्या माथ्यावर चित्तादेल्ला नावाची गढी आणि गढीत मोठं चर्च. आत शिरलो, वर पाहिलं, तर काय भव्य घुमट! मामांनी मान मागे टाकली, उंचीचा अंदाज घेतला, मग चार पावलं पुढे गेले, आणि थबकले. पुढे गेल्यावर घुमट वाकडा झाला.

घुमट नव्हताच. छत सपाट. 1739 मध्ये मेसीनाहून एक चित्रकार आणला आणि त्याने सपाट छतावर घुमट रंगवून दिला. एका ठरावीक जागी उभं राहिलं की खिडक्या, कमानी, उजेड सगळं जिथल्या तिथे. जरा हललात की सगळा डोलारा कलतो. मामा त्या जागेवर पुनःपुन्हा येऊन उभे राहत होते. बुक्की मारायला काही हाती नव्हतं, याचं दुःख चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

‘अंदाजपत्रकात घुमट, प्रत्यक्षात रंगकाम,’ ते अखेर म्हणाले, ‘आणि तरी अडीचशे वर्षांवर एकही तक्रार नाही. याला म्हणतात ठेकेदार.’

त्याच गावात एका रस्त्यावर दोन ऑपेरा थिएटरं आहेत, अॅस्ट्रा आणि ऑरोरा. गाव काही हजार वस्तीचं. दोन्ही थिएटरं दोन बँडपथकांची, आणि ही पथकं दोन चर्चच्या दोन जत्रांची. ऑक्टोबरात दोन्हीकडे ऑपेरा होतो, आणि कुणी कुणापेक्षा मोठा केला यावर बाकीचं वर्ष निघतं. या बेटावर एवढी एकच गोष्ट असायला हवी त्याहून दुप्पट आहे.

जगंतियाची देवळं मात्र खरोखर आहेत. पिरॅमिडांहून हजारेक वर्षं जुनी. गावकऱ्यांच्या मते ती एका राक्षसिणीने बांधली. ती फक्त बाकल्याच्या शेंगा आणि मध खायची आणि कडेवर मूल घेऊन दगड वाहायची. ‘म्हणजे स्वयंपाकातून सुटका होती,’ मामी म्हणाली, ‘मग काय, दगड कुणीही उचलेल.’ मामांनी भिंतीला आज इतक्या वर्षांनी लोखंडी टेकू का लागला यावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा मामी टुकटुकमध्ये जाऊन बसली.

शेवटी रामला. तांबूस वाळू, संथ उथळ पाणी, मध्ये वाळूत मेरीमातेचा पांढरा पुतळा. मामीने चपला काढल्या, साडी दोन वीत उचलली आणि थेट पाण्यात. टुकटुकवाला मात्र इथेही बोट दाखवून उभा. पाण्याखाली सरदारांनी बांधलेली भिंत आहे, शत्रूची गलबतं अडवायला. दिसत नाही. वाळूखाली रोमन हवेली आहे. दिसत नाही. वर टेकडीत ग्रीक पुराणातल्या कॅलिप्सोची गुहा, जिथे त्या अप्सरेने ओडिसियसला सात वर्षं ठेवून घेतलं. दरडीच्या भीतीने बंद.

‘सात वर्षं?’ मामी पाण्यातूनच म्हणाली. ‘आणि घरी बायको वाट बघत होती?’

‘अगं, अडकला होता तो.’

‘हो ना. तुम्ही नाशिकला चार दिवस अडकला होतात, तसा.’

मामा एकदम वाळूचं परीक्षण करू लागले.

संध्याकाळी इमजार बंदरावर फेरीच्या खिडकीशी मामांनी शेवटचा वाद घातला. येताना माल्टाहून कुणी तिकीट विचारलं नव्हतं. जाण्यायेण्याचे पैसे एकदम, ते परतताना घेतात. हा काय प्रकार, मामा विचारत होते, येणाऱ्याला मोकळं सोडायचं आणि जाणाऱ्याला अडवायचं?

‘अहो, द्या पैसे,’ मामी म्हणाली. ‘त्या ओडिसियसकडे सुटे नसतील.’