कुठं निघालासा, पाव्हणं?

सातारा-सांगलीकडच्या माळावर माणसानं कामाशिवाय चालू नये. चालायला कुणाची हरकत नसते, पण बांधावरचा माणूस खुरपं थांबवून विचारतो, "कुठं निघालासा?" आणि त्यावर "कुठं न्हाई, उगंच" हे उत्तर इकडं चालत नाही. उगंच कोण चालतं? चपला झिजतात, तहान लागते, शिवाय उन्हं वर आलेली असतात. तेव्हा पाव्हणा काहीतरी लपवतोय, हे नक्की ठरतं. मग अंदाज सुरू होतात.

पहिला अंदाज पवनचक्कीचा. डोक्याला टोपी, पाठीला सॅक आणि मधेच थांबून डोंगराकडं बघायची खोड, एवढा पुरावा पुरतो. पाटणकडं वनकुसवड्याच्या पठारावर आणि सांगलीच्या पूर्वेला ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून टोपीवाल्या माणसाकडं आशेनं आणि संशयानं एकाच वेळी बघायची रीत पडली आहे. ज्या खडकाळ रानाला कुणी हुंगत नव्हतं त्याला भाव आला, आणि भाव आल्याबरोबर वाटण्यांची आठवण झाली. दुसरा अंदाज मोजणीचा, तिसरा प्लॉटवाल्यांचा. मला सगळ्यात आवडतो तो चौथा, सोयरिकीचा. त्यात चहा मिळतो.

खरं तर इतिहास चाळला तर माळावरच्या लोकांचंच बरोबर निघतं. इथून जो गेला तो काहीतरी कामानंच गेला. कराडचंच घ्या. मध्य प्रदेशात भारहूतला स्तूपाचा जो दगडी कठडा होता, त्यावर करहाकट गावाच्या दानाची नोंद आहे. करहाकट म्हणजे आपलं कराड. सह्याद्रीच्या पायथ्यापासून पार भारहूतपर्यंत दान पोचवायचं, तेही इसवी सनापूर्वी! तिकडं कोकणात, रायगड जिल्ह्यात कुड्याच्या लेण्यांत आणखी एक कराडकर भेटतो. महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी. त्यानं तिथं अख्खं लेणं कोरून घेतलं आणि भिंतीवर आपलं नाव, गाव, धंदा असा सगळा मजकूर घातला. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'सप्रेम भेट' रंगवणारे आजचे दुकानदार या महिकाचे थेट वारसदार आहेत, याबद्दल मला शंका नाही. लोखंडाची पोती घेऊन हा गृहस्थ घाट उतरताना त्यालाही कुणीतरी बांधावरून हटकलंच असणार. त्याच्याजवळ उत्तर तयार होतं.

माझ्या पंथाचे लोक शोधायचे तर कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरावर जावं लागतं. जखिणवाडीच्या अंगानं चढायला लागलं की ऊस खाली राहतो, मग हरभरा, मग नुसतं कुसळ. महामार्गाचा आवाज निम्म्या वाटेपर्यंत पाठ सोडत नाही. वर ६०हून अधिक लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. भिक्खूंचा मूळ धर्म चालण्याचा. एका गावी मुक्काम ठोकायचा नाही. पण पावसाळ्यात फिरू नये असा त्यांचा दंडक होता. चिखलात हाल होतात, आणि उगवतं पीक नि कोवळं गवत पायाखाली तुडवलं जातं. मग तीन महिने टेकायला जागा हवी. म्हणजे हा डोंगरभर कोरलेला खटाटोप चालणाऱ्यांनी थांबण्यासाठी केलेला! उगवत्या पिकातून जाऊ नये हा नियम तर आजही बांधावरनं ओरडून सांगितला जातो, भाषा जरा वेगळी असते.

आत गेल्यावर गारवा. खोल्या अगदी लहान, भिंतीला निजायचा दगडी ओटा, बस्स. एका लेण्यात धर्मचक्र आणि सिंह कोरलेले खांब आहेत. दुसऱ्यात स्तूपापुढं विठ्ठल-रुक्मिणी उभे आहेत. त्यांना तिथं कुणी अडचण करत नाही, तेही कुणाला करत नाहीत. शेरडं राखणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं तर हे सगळं पांडवांनी एका रात्रीत केलं, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धं राहिलं. महाराष्ट्रातल्या अर्धवट कामांचा हा एवढा जुना आणि समाधानकारक खुलासा दुसरा कुठला नसेल.

डोंगरावरून प्रीतिसंगम दिसतो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्याही घाईतच.

गावांच्या वेशीवर वीरगळ भेटतात. तळाच्या चौकटीत लढाई आणि बहुतेक वेळा गाई, म्हणजे गुरं वाचवताना गडी पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्यावर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. मी पाहिलेल्या एका वीरगळाच्या कडेला विळ्याला धार लावून लावून खोल खाचा पडल्या होत्या. पुरातत्त्ववाल्याला ते बघून भोवळ येईल. मला वाटतं, गुरांपायी जीव दिलेल्या माणसाला वैरणीच्या विळ्याचा राग नसावा.

उत्तर नसल्याची माझी अडचण सुटली ती पार सांगलीकडं, दंडोबाच्या डोंगराखाली. मिरजेच्या पूर्वेचा हा डोंगर. महादेवाचं देऊळ डोंगराच्या पोटात कोरलेलं, गाभाऱ्याभोवतीची प्रदक्षिणासुद्धा आतल्या अंधारातूनच, चाचपडत. फाल्गुन होता. खाली द्राक्षांची काढणी चालू, बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर घड पसरलेले. एका बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. त्यांनी मला खालून वर निरखलं आणि म्हणाल्या, "मोकळंच हायसा न्हवं? मग येवढी पिशवी वरच्या वस्तीवर द्या. आमच्या जाऊबाईच्यात."

पिशवीत भाकरी होत्या आणि वर मिरच्यांचा खर्डा. त्या अर्ध्या कोसात तिघांनी हटकलं. "वस्तीवर भाकरी द्यायच्यात," म्हटल्यावर तिघांचंही पूर्ण समाधान झालं. एकानं तर जवळची पायवाट दाखवली. इतका प्रतिष्ठित मी त्या माळावर कधी नव्हतो.

जाऊबाईंनी पिशवी उघडून भाकरी मोजल्या, माझ्यादेखत. हिशेब जुळला असावा, कारण पाणी आलं, मग चहा आला. निघताना त्यांनी कोनाड्यातली रिकामी किटली काढून माझ्या हातात दिली.

"जाताना खाली थोरलीला द्या. दोन म्हैनं झालं, न्यायाच कुणी गावत न्हवतं."

मला डोंगर ओलांडून पलीकडं उतरायचं होतं. तसं सांगितलंही असतं, पण पलीकडं काय काम आहे, हे त्यांनी लगेच विचारलं असतं.